जुनं शिसवी लाकूड: ओळखायचं कसं, घ्यायचं कसं आणि त्यावर काम कसं करायचं

शिसवी फर्निचर म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आजोबांची आरामखुर्ची नाहीतर गावच्या घरातला तो काळाभोर झोपाळा येतो, पण आज बाजारात "शिसवी" म्हणून जे काही विकलं जातंय त्यातलं बरंचसं शिसव नसतंच, आणि जे खरं असतं ते लोक भंगाराच्या भावात देऊन टाकतात नाहीतर त्यावर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा थर देणारं पॉलिश) मारून त्याची वाट लावतात. म्हणून हे सगळं नीट एका जागी लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे की जंगलातल्या नवीन शिसवाच्या मागे लागू नका, आपल्या घराघरात जे जुनं शिसवी लाकूड पडलंय ते ओळखा आणि त्यालाच परत कामाला लावा, त्याच्यासारखं लाकूड आता सहज मिळणारं नाही.

आधी झाड कुठलं ते पक्कं करू

आपण ज्याला शिसव म्हणतो ते डालबर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्री, कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ, मध्य भारत हा त्याचा पट्टा, शिवाय इंडोनेशियात जावा बेटावर पण आहे, तिथे त्याला सोनोकेलिंग म्हणतात. जगात हे ईस्ट इंडियन रोझवूड म्हणून ओळखलं जातं, आणि इंग्रजांच्या काळात याला बॉम्बे ब्लॅकवूड असंही नाव होतं कारण एकोणिसाव्या शतकात मुंबईत या लाकडाचं भरगच्च कोरीवकामाचं फर्निचर बनायचं आणि पार इंग्लंडपर्यंत जायचं. जुन्या पारशी घरांमध्ये अजून तसल्या खुर्च्या आणि कोच बघायला मिळतात.

ऑनलाइन फर्निचरच्या साईटवर जे "शीशम" दिसतं ते याचंच भावंड पण वेगळं झाड, डालबर्जिया सिसू. ते उत्तरेकडचं, हिमालयाच्या पायथ्यापासून पंजाब-यूपीपर्यंत, रस्त्याकडेला आणि कालव्याकाठी भरपूर लावलेलं, आणि जोधपूर-सहारनपूरहून येणारं फर्निचर बहुतेक त्याचंच असतं. लाकूड चांगलंच आहे ते, वाईट अजिबात नाही, पण शिसवाच्या भावात घेऊ नका. झाड समोर असेल तर पान बघायचं, सिसूच्या पानाला तीन ते पाच पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं) आणि टोक अणकुचीदार, शिसवाला साधारण पाच ते सात पर्णिका, गोलसर आणि टोकाला जराशी खाच.

तिसरी गल्लत व्हिनिअरच्या, म्हणजे वरून चिकटवायच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या दुकानात होते. "सँटोस रोझवूड" नावाचं जे व्हिनिअर मिळतं ते दक्षिण अमेरिकेतलं निराळंच झाड आहे, डालबर्जिया नाहीच. आणि "रोझवूड फिनिश" असं लिहिलेलं असेल तर तो फक्त रंग समजायचा.

लाकडाचे गुण, म्हणजे याचं एवढं कौतुक का

वाळलेलं शिसव सरासरी ८३० किलो प्रति घनमीटर, आपल्या सुतारांच्या भाषेत घनफुटाला साधारण साडेतेवीस किलो. सागवान त्याच हिशेबात साडेअठराच्या आसपास. कडकपणात तर सागवानाच्या दुपटीहून जास्त. आतला गाभा सोनेरी तपकिरीपासून जांभळट तपकिरीपर्यंत आणि त्यात काळपट रेषा, बाहेरचा थर मात्र पांढरट पिवळा. वाळवी गाभ्याला सहसा लागत नाही, पण त्या पांढऱ्या थराला किडा हमखास लागतो, हे लक्षात ठेवा, पुढे खरेदीच्या वेळी कामाला येईल.

याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, एका थरात इकडे कललेले आणि पुढच्या थरात तिकडे, त्यामुळे उजेडात फिरवलं की पट्ट्या चमकतात. दिसायला सुंदर, पण रंधा मारणाऱ्याची परीक्षा.

आणि हे लाकूड फारसं हलत नाही. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने साधारण २.७ टक्के आणि गोलाईच्या दिशेने ५.९ टक्के आकसतं, एवढ्या जड लाकडाच्या मानाने हे कमीच आहे. म्हणून तर गिटारवाल्यांचा जीव यात अडकलाय. १९६० च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने त्यांच्या रोझवूडचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं आणि जगभरचे गिटार बनवणारे दक्षिण भारतातल्या शिसवाकडे वळले, तेव्हापासून गिटारची पाठ, बाजू आणि बोटांखालची पट्टी यासाठी हे लाकूड पहिल्या पसंतीचं आहे. म्हैसूरचं जडावकाम, म्हणजे लाकडात वेगळ्या रंगाचे तुकडे बसवून केलेली नक्षी, याच लाकडावर होतं आणि त्याला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन पण आहे. आपल्याकडे खुर्च्या, पलंगाचे पाय, झोपाळ्याच्या फळ्या, देव्हारे, लाटणी, पोळपाट आणि हत्यारांच्या मुठी सगळ्यात शिसव वापरलं गेलंय.

खरं शिसव ओळखायच्या चाचण्या

"पाण्यात टाका, बुडलं तर शिसव" हे पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. वाळलेलं शिसव बहुतेक वेळा तरंगतंच, फक्त बरंचसं पाण्याखाली राहतं.

त्याऐवजी वजन नीट करा. फळी असेल तर लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजून गुणाकार करायचा आणि १७२८ ने भागायचं, घनफूट आलं. समजा ३६ इंच लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड फळी आहे, म्हणजे ०.१८७५ घनफूट. शिसव असेल तर काटा ४.४ किलोच्या आसपास दाखवेल, सागवान असेल तर साडेतीनच्या जवळ. यावरून काळं पॉलिश मारलेलं सागवान लगेच बाजूला पडतं. पण बाभूळ आणि सिसू वजनात शिसवाच्या जवळपासच येतात, तेव्हा फक्त वजनावर विसंबू नका.

मग मला सगळ्यात भरवशाची वाटणारी चाचणी, स्पिरिटची. खुर्ची उलटी करा, सीटच्या पट्टीच्या आतल्या बाजूला जिथे कुणाची नजर जात नाही अशी नखाएवढी जागा निवडा आणि ब्लेडने पॉलिश खरवडून काढा, अगदी ताजं लाकूड दिसेपर्यंत. खरवडताना वास घ्या, शिसवाला गोडसर, गुलाबाकडे झुकणारा वास असतो आणि लाकूड कितीही जुनं असलं तरी ताज्या खरवडीत तो येतो. आता कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब पॉलिशचं स्पिरिट घेऊन त्या जागेवर हलकेच दाबा आणि उजेडात बघा. शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, बोळ्यावर जांभळट छटा येते, जांभळाच्या रसाचा डाग धुवून उरतो तशी. नुसता पिवळसर किंवा तांबूस तपकिरी डाग आला तर तो जुन्या पॉलिशचा नाहीतर रंगाचा असायची शक्यता जास्त, परत थोडं खरवडून नव्या बोळ्याने बघा. वरच्या पॉलिश केलेल्या भागावर ही चाचणी चुकूनही करू नका, जुनं लाखेचं पॉलिश स्पिरिटने विरघळतं आणि कायमचा डाग पडतो.

अजून खात्री करायची असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. फळीचं टोक धारदार ब्लेडने साफ कापून बघितलं की छिद्रांना जोडणाऱ्या फिकट बारीक नागमोडी रेषा दिसतात, आणि फळीच्या सपाट बाजूवर तंतूंना आडव्या अशा अतिशय बारीक लहरी दिसतात. छिद्रांमध्ये कधी कधी खडूसारखा पांढरा कण भरलेला असतो, तो पण शिसवात नेहमी दिसणारा प्रकार.

खरेदी करताना

मुंबईत चोर बाजार आणि ओशिवऱ्याचं जुन्या फर्निचरचं मार्केट, पुण्यात जुना बाजार, गोव्यात जुन्या पोर्तुगीज पद्धतीच्या घरांतून निघणारं सामान, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे आपल्याच नातेवाइकांचे माळे. वाडे पाडतात तेव्हा खांब-तुळया बहुतेक सागवानी निघतात, शिसव शोधायचं ते फर्निचरमध्ये, पलंगाच्या पायात, झोपाळ्यात.

बघायच्या गोष्टी: कुठे पांढरट थर आहे का आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का, भोकाखाली बारीक पिठासारखी पूड पडत असेल तर किडा अजून जिवंत आहे. सांधे हलवून बघा, हललेला सांधा दुरुस्त होतो त्याला घाबरू नका, पण सांध्यापाशीच लाकूड उभं चिरलंय का ते बघा. कोणी मधल्या काळात खिळे ठोकलेत का ते लोहचुंबक फिरवून कळतं. आणि व्हिनिअर की भरीव हे बघायला फळीच्या कडेवर नजर टाका, वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरल्या पाहिजेत.

नवीन कापलेलं शिसव कोणी स्वस्तात देत असेल तर लांब राहा. हे झाड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत असुरक्षित गटात आहे, वाढायला अतिशय हळू, जाड गाभा तयार व्हायला माणसाचं आयुष्य जातं. २०२१ मध्ये केरळात वायनाडच्या मुट्टिल गावातली शेकडो वर्षं जुनी शिसवाची झाडं तोडल्याचं प्रकरण किती गाजलं ते आठवत असेल. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी तोडायच्या आधी वन विभागात जाऊन विचारायचं, आणि फळ्या किंवा ओंडके घेताना बिल आणि वाहतुकीचा पास मागून घ्यायचा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा.

काम करायच्या आधी, तब्येतीचं

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका प्लीज. शिसवाच्या भुशाची बऱ्याच जणांना ॲलर्जी होते, कातडी लाल होणं, खाज, शिंका, दम लागणं. पहिल्यांदा काही होत नाही म्हणून बिनधास्त राहायचं नाही, कारण ही ॲलर्जी वारंवार संपर्काने वाढत जाते आणि एकदा जडली की नंतर थोड्या भुशाने पण त्रास होतो. एन ९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, काम उघड्यावर नाहीतर एक्झॉस्ट लावून, आणि काम झालं की लगेच आंघोळ. घामाने ओल्या अंगावर भुसा चिकटला की त्रास जास्त होतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी घासायला बसू नका. लहान मुलं आणि दम्याचे पेशंट जवळपास नकोत.

कापणं, रंधणं, जोडणं

छिद्रांतले ते खडूसारखे कण हत्याराची धार खातात. मशीनवर कार्बाइडच्या दातांचं पातं लावा, साधं पातं लवकर बोथट होतं आणि मग लाकूड जळून काळं पडतं. हाताचा रंधा असेल तर पातं वस्तऱ्यासारखं लावून घ्या, काप अगदी बारीक ठेवा, आणि तंतू उचकटायला लागले की रंधा बाजूला ठेवून खरवडायची स्टीलची पत्री घ्या. गुंतलेल्या तंतूंवर पत्रीच चालते, दोन्ही दिशांनी, आणि मिळणारा पृष्ठभाग पॉलिश पेपरपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो.

खिळा थेट ठोकायचा नाही, लाकूड चिरतं. स्क्रूला आधी भोक पाडा, पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढून मग पितळी बसवा, नाहीतर डोकं तुटून आत राहतं.

चिकटवण्यात बहुतेकांची गडबड होते. शिसवात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि गोंद धरत नाही. उपाय सोपा आहे, सांध्याच्या दोन्ही बाजू चिकटवायच्या अगदी आधी ताज्या रंधून घ्या, ॲसिटोनने पुसा, उडून गेलं की लगेच गोंद लावून क्लॅम्प करा. आज रंधून ठेवलं आणि उद्या चिकटवलं असं करू नका. ताण येणाऱ्या सांध्याला मी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) पसंत करतो.

रुंद फळी चौकटीत बसवत असाल तर तिला हलायला जागा ठेवा. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यात लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांनी सहज बदलतो, त्यात एक फूट रुंद सपाट कापाची फळी साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर हलते. उन्हाळ्यात घट्ट चिकटवून टाकली तर श्रावणात चौकट उघडणार.

जुनी खुर्ची दुरुस्त करायची तर

आधी साफ करा, लगेच पॉलिश पेपर हातात घेऊ नका. सुकं फडकं, मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, मग मेणाचा थर काढायला मिनरल टर्पेंटाइन. निम्म्या खुर्च्या एवढ्यावरच इतक्या छान दिसायला लागतात की पॉलिश पूर्ण काढायची गरज राहत नाही. जुन्या पृष्ठभागाला हात लागून लागून जी झिलई आलेली असते ती पेपरने घासून पाच मिनिटांत जाते आणि परत काही केल्या येत नाही, म्हणून जमेल तेवढं तसंच ठेवा.

पॉलिश कशाचं आहे हे बघायला आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबा. चिकट झालं तर लाखेचं, म्हणजे चपडीचं. काहीच झालं नाही तर नंतर कोणीतरी मेलामाइन किंवा पीयू मारलेलं आहे.

सांधे ढिले असतील तर वरून स्क्रू मारून घट्ट करायचा मोह टाळा. जुने सांधे बहुतेक सरसाने (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गोंद) जोडलेले असतात, सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो. कापडाची पट्टी गरम पाण्यात भिजवून सांध्याभोवती गुंडाळा, थोडा वेळ ठेवा, मग रबरी हातोडीने हळूहळू सोडवा. खाच आणि कुसू (खाचेत बसणारं टोक) दोन्हीवरचा जुना सरस खरवडून स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या, मग परत जोडा. चांगली जुनी वस्तू असेल तर परत सरसच वापरा म्हणजे पुढच्या पिढीला पण तो सांधा सोडवता येईल. बारीक चिरा भरायला शिसवाचाच बारीक भुसा इपॉक्सीत कालवून भरा. किड्याच्या भोकात सिरिंजने वाळवी-किड्याचं औषध सोडा आणि वर मेण भरा.

वेताची सीट असेल तर ती विणणारे कारागीर अजून आहेत, त्यांना शोधा, प्लायवूड ठोकून काम भागवू नका.

पॉलिश

तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन थेट शिसवावर लावलं की कधी कधी दिवसेंदिवस वाळतच नाही, हात लावला की चिकट. लाकडातली तीच द्रव्यं त्याला सुकू देत नाहीत. म्हणून आधी लाखेचा हात, आणि माझ्या मते वर पण लाखच, शिसवाला फ्रेंच पॉलिशइतकं, म्हणजे पोटलीने चढवलेल्या लाखेच्या पॉलिशइतकं, काहीच शोभत नाही.

एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडी, रात्रभर भिजू द्या, मधेमधे हलवा, दुसऱ्या दिवशी सुती कापडातून गाळा. लाकूड १२० पासून ३२० नंबरपर्यंत पेपरने तंतूंच्या दिशेने घासा किंवा पत्रीने खरवडा. भुसा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. हस्तिदंती रंगाचं किंवा पांढऱ्या लाकडाचं जडावकाम असेल तर खूप सांभाळा, मघाशी चाचणीत जो जांभळा रंग उतरला तोच स्पिरिटच्या पॉलिशबरोबर पांढऱ्या भागावर पसरतो. अशा वेळी आधी फक्त पांढऱ्या भागांवर बारीक ब्रशने दोन-तीन हात द्या, वाळू द्या, मगच बाकीच्या लाकडाकडे वळा, आणि पहिले हात पातळ आणि भरभर.

छिद्रं भरायला पांढरी चॉक पावडर नको, ती वर्षभरात छिद्रांतून पांढरी दिसायला लागते. गडद तपकिरी फिलर घ्या. त्यानंतर सुती कापडात कापूस गुंडाळून पोटली करा, त्यात पॉलिश शोषवून घ्या, दाबल्यावर ओलसर वाटली पाहिजे पण ठिबकता कामा नये, पोटलीच्या तळाला लिक्विड पॅराफिनचा एखादा थेंब, आणि गोल-गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात, शेवटी सरळ. पोटली लाकडावर कधीही थांबवायची नाही, थांबली की तिथलं पॉलिश उचकटतं. रोज दोन-तीन बैठका, मधे विश्रांती, चार-पाच दिवसांत खोली दिसायला लागते. आठवडाभराने अगदी बारीक स्टील वूल आणि मधमाशीच्या मेणाने हलकं घासलं की आरशासारखी चमक जाऊन मऊ तेज येतं, मला तेच जास्त आवडतं.

हे सगळं पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढरी झाक येते. दिवाळी ते होळी हा पॉलिशचा उत्तम काळ. आणि पुढे त्यावर गरम चहाचा कप थेट ठेवायचा नाही, सॅनिटायझरचा हात टेकवायचा नाही, थेट उन्हात पण ठेवू नका, जांभळी छटा उन्हाने विटून नुसतं तपकिरी उरतं.

पोळपाट-लाटण्याला यातलं काही लावायचं नाही. खाण्याच्या दर्जाचं लिक्विड पॅराफिन चोळून जास्तीचं पुसून टाका, गोडंतेल लावलं तर काही दिवसांनी खवट वास येतो.

परदेशात न्यायचं असेल तर

अमेरिका-इंग्लंडमधले बरेच जण गावच्या घरातली एखादी वस्तू न्यायचं म्हणतात, तर हे आधी समजून घ्या. साइट्स म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार; ब्राझीलचं रोझवूड त्याच्या जास्त कडक पहिल्या परिशिष्टात आहे, ते सोडून डालबर्जियाच्या सगळ्या प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे देशाबाहेर नेण्यावर नियंत्रण. नंतर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, त्यामुळे शिसवी पट्टीची गिटार आता त्यात अडकत नाही. बाकी तयार वस्तूंना एका शिपमेंटमध्ये त्या लाकडाचं वजन १० किलोपर्यंत असेल तर सूट आहे, म्हणजे लहान देव्हारा, लहान पेटी, पोळपाट यात बसतात पण आरामखुर्ची बसेलच असं नाही, आणि झोपाळा तर नाहीच. मोठी वस्तू असेल तर पॅकर्सना पैसे द्यायच्या आधी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या विभागीय कार्यालयात परवान्याची चौकशी करा, आणि ज्या देशात न्यायचंय तिथले आयातीचे नियम पण बघा. वस्तूचे सगळ्या बाजूंचे फोटो, जुनं बिल किंवा वस्तू जुन्या घरातलीच असल्याचे जुने फॅमिली फोटो, आणि लाकडाचं नाव "डालबर्जिया लॅटिफोलिया" असं स्पष्ट लिहिलेली यादी, हे सगळं एका फाइलमध्ये सामानाबरोबर ठेवा, कस्टम्सवाले विचारतात ते हेच.